बावन्न किलोमीटरची सरळ रेघ

४ ऑगस्ट, सोमवार

पोहोचलो एकदाच्या लेत्स्वाइंगला!

फ्रान्सिसटाउन शहरातून येणारी बस वाटेत तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सेथुन्या खाली उतरली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मामा, ह्या गाडीला दुरुस्ती नको, पेन्शन द्या." सगळी बस हसली, ड्रायव्हरसुद्धा. मग तिनंच कुठलासा पाइप फडक्यानं आवळून बांधला आणि पुढं बस सुतासारखी चालली. माझी ही धाकटी बहीण चोवीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, आणि आमच्या गावी, सेरोवेला, मामाच्या गॅरेजात वाढल्यामुळं तिला माणसांपेक्षा इंजिनं लवकर कळतात.

दोघींना एकाच ठिकाणी नोकरी मिळाली हे आईला अजून खरं वाटत नाही. आमच्या मालकीणबाई म्मा केबोनांग यांचा पर्यटकांना तंबूवाल्या गाड्या भाड्यानं देण्याचा धंदा आहे. सेथुन्यानं गाड्या बघायच्या, मी प्रवासाचे बेत आखायचे. राहायला ऑफिसच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या, दोन पलंग, एक गॅस. खिडकीतून डांबरी रस्ता दिसतो, त्यापलीकडं पिवळं गवत, आणि गवत संपतं तिथं मिठाचं मैदान. इथं त्याला सगळे नुसतं 'पांढरं' म्हणतात. पांढऱ्यात गेला, पांढऱ्यातून आला. समुद्र मी पाहिलेला नाही, पण असाच असावा, फक्त पाणी नसलेला.

सेथुन्यानं आल्या आल्या खिडकीकडचा पलंग बळकावला. मोठ्या बहिणीचा मान वगैरे काही नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

काम आवडलं. लोक मेलनं कळवतात की आम्हाला नऊ दिवस आहेत, हत्ती बघायचेत, बाओबाबची झाडं बघायचीत, आणि मुलांना गाडी लागते. मी टेबलावर मोठा कागदी नकाशा पसरते आणि शिसपेन्सिलीनं एकेक दिवस आखते. डांबरी रस्ता किती, खडीचा किती, वाळू किती. डिझेल कुठं मिळेल, माणशी पाच लिटर पाणी कुठं भरायचं, गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेल्या कुंपणाच्या कुठल्या फाटकावर कच्चं मांस काढून घेतात. मग तेच सगळं जीपीएसमध्ये भरायचं. गाडीबरोबर दोन्ही द्यायचं, यंत्रही आणि नकाशाही.

हा नकाशा रा मोआत्लोदींनी काढलेला आहे (वडीलधाऱ्या पुरुषांना इथं मानानं 'रा' म्हणतात). सत्तरीचे असतील. वीस-पंचवीस वर्षं स्वतः गाडी चालवून, मैल मोजून, शाईनं काढलेला; छापील प्रती त्याच्याच. आता ते गाडी फारशी चालवत नाहीत, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या चुका काढतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, पोरी, यंत्राला रस्ता आहे एवढं कळतं. तो चालण्याजोगा आहे का, ते कळत नाही.

त्यांची एक खोड आहे. गाडी निघण्याआधी त्यात बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव कागदावर लिहायचं. हातानं, शिसपेन्सिलीनं. गाडी परत आली की माणसं मोजायची आणि कागद त्यांच्याकडं द्यायचा. मी म्हटलं, नावं कॉम्प्युटरमध्ये आहेतच की. तर म्हणाले, तिथं असू देत. तू हातानं लिही.

सेथुन्या त्यांना मागून 'हेडमास्तर' म्हणते. त्यांनी आज ते ऐकलं आणि तिला उभं करून नऊचा पाढा म्हणायला लावला. तिला आला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

कुंपणाच्या पश्चिमेच्या फाटकापासून पलीकडच्या मुक्कामाच्या तळापर्यंत जायला आमच्या नकाशात पांढऱ्याच्या कडेकडेनं एकशे चाळीस किलोमीटरचा वळसा आहे. आज जीपीएसवर तीच वाट लावली तर त्यानं पांढऱ्याच्या बरोबर मधून एक सरळ रेघ दाखवली. बावन्न किलोमीटर. पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

कागदी नकाशात त्या जागी काहीच नाही. बाकी सगळा नकाशा बारीक अक्षरांनी भरलेला, एकेका विहिरीचं, एकेका झाडाचं नाव. आणि मधोमध तळहाताएवढी कोरी जागा.

रा मोआत्लोदींना दाखवलं. चष्मा न लावताच म्हणाले, पूस ती. मी विचारलं, चिखल आहे का? कवच फुटतं का? ते म्हणाले, पावसानंतर वरचं कवच कुत्र्याचासुद्धा भार पेलत नाही, खाली चिखल असतो, हे तर आहेच. पूस म्हटलं ना. मग उठून बाहेर गेले.

सगळ्या सात यंत्रांमधून पुसली.

संध्याकाळी सेथुन्या म्हणाली, "ताई, तू दिवसभर त्या नकाशात नाक खुपसून बसतेस, तिथं नवराबिवरा सापडला तर मला सांग, टायर मी बदलून देईन." तिनं आज सेस्वा केला होता, मऊ शिजवून कुटलेलं मांस. मीठ जास्त. म्हटलं, मैदानातलं खरवडून घातलंस का? आम्ही खूप हसलो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हॉलंडचं एक कुटुंब गेलं. येरून, त्याची बायको मार्लेन, मुलगा टाइस आणि धाकटी फेम्के, अकरा वर्षांची. पोरगी भारी चौकस. मी नकाशा समजावून देत होते तर तिनं माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, मीच आखते, बाबांना डावं-उजवं कळत नाही. कागदावर चौघांची नावंसुद्धा तिनंच लिहिली. स्वतःच्या नावापुढं एक जिराफ काढला.

पाच दिवसांचा बेत. पाणी शंभर लिटर. चार झोपायच्या पिशव्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज दुपारी ती गाडी परत आली. काय लिहावं कळत नाही, तरी जसं झालं तसं लिहिते.

तिघं उतरले. येरून, मार्लेन, टाइस. हसतमुख, उन्हानं लाल झालेले. मी विचारलं, फेम्के झोपली का मागं? मार्लेन म्हणाली, कोण? मी पुन्हा नाव घेतलं. ती नवऱ्याकडं बघून हसली, म्हणाली, आम्ही तिघंच तर गेलो होतो. टाइस म्हणाला, मला बहीण नाहीये.

थट्टा असेल म्हणून मी गाडीत डोकावले. मागच्या सीटवर लहान मुलीचे बूट होते, निळ्या लेसचे. मार्लेननं ते उचलले, इकडंतिकडं बघितले आणि कचऱ्याच्या पिंपात टाकले. आधीच्या लोकांचे राहिले असतील म्हणाली. अगदी सहज.

कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. प्रवासी तीन. मी स्वतः चार भरले होते. सेथुन्याला विचारलं तर ती म्हणाली, तिघंच होते की ताई, मीच नाही का पिशव्या ठेवल्या. तिनं चार ठेवल्या होत्या. चौथी गाडीतून तिनंच आत्ता काढली आणि घडी करताना जरा थांबली. मग म्हणाली, एक जास्तीची गेली वाटतं.

खरं सांगायचं तर मलाही आता त्या मुलीचा चेहरा आठवत नाही. नाव घेतलं ते कागदावर वाचून. तिच्याबद्दल जे काही माहीत आहे ते ह्या वहीत वर लिहिलंय तेवढंच. पण कागदावर चार नावं आहेत. आणि एक जिराफ.

येरून जाता जाता म्हणाला की तुमच्या यंत्रानं मस्त जवळचा रस्ता दाखवला. सरळ मधून.

२० ऑगस्ट, बुधवार

रा मोआत्लोदींनी मला त्यांच्या घरी नेलं. कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. सगळे असेच. हातानं लिहिलेली नावं आणि एखाद्या नावाखाली रेघ. गेली पाच माणसं, आली चार. गेले दोघं, आला एक. वेगवेगळी वर्षं, वेगवेगळी अक्षरं. कुणीही कधी चौकशीला आलं नाही, कारण कुणाला काही हरवल्याचं माहीतच नाही.

त्यांनी परत आलेल्या लोकांना हळूच विचारून पाहिलंय. सगळे एकच सांगतात, की मधोमध लांबवर कुणीतरी उभं होतं, हात हलवत होतं, गाडी अडकली असावी, आम्ही थांबलो. आता आपल्याकडं पांढऱ्यात कुणी हात दाखवला तर न थांबता जाणारा माणूस जन्मलेला नाही. थांबल्यावर मदतीला कोण उतरलं, ते कुणालाच सांगता येत नाही. यंत्रात मात्र दिसतं. दर वेळी एकच जागा, दर वेळी चाळीस मिनिटं.

मी विचारलं, तुम्ही नावं लिहायला कधीपासून लागलात?

त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा कागद काढला. बावीस वर्षांपूर्वीचा, त्यांचंच अक्षर. 'आज मधली वाट मोजायला जातो. मी आणि दिनेओ. ती नऊ वर्षांची आहे, ऐकत नाही, बरोबर येणार म्हणते.' ते म्हणाले, हा कागद मला महिन्यानं खिशात सापडला. दिनेओ कोण ते मला आठवत नाही. रोज सकाळी वाचतो. रोज वाटतं की आज आठवेल.

मग म्हणाले की त्यांच्या बायकोच्या पोटावर बाळंतपणाच्या खुणा होत्या. दोघांनाही कळायचं नाही कशाच्या. तिनं मरेपर्यंत कितीदा विचारलं असेल, मोआत्लोदी, मला मूल झालं होतं का रे?

 पाणी मागितलं आणि घरी आले.

२१ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी ७

ती रेघ परत आली आहे. ऑफिसातल्या सहाही यंत्रांत. मी पुसली होती, सेथुन्यासमोर पुसली होती.

आणि ग्वेबू पतीपत्नी पहाटेच निघालेत. सीमेपलीकडच्या बुलावायोचे रिटायर्ड मास्तर आणि मास्तरीणबाई, जपून जपून चालणारे. सातवं यंत्र त्यांच्याकडं आहे, त्यातही ती रेघ असणार. फाटकाच्या पुढं फोन लागत नाही.

सेथुन्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. किल्ल्या घेतल्या आणि म्हणाली, "गाडी मी चालवते, तू चालवलीस तर आपण पुढच्या गुरुवारी पोहोचू."

कागदावर दोन नावं लिहून ऑफिसच्या टेबलावर ठेवली. त्शेनोलो. सेथुन्या. निघतोय.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ

झालं एकदाचं. ग्वेबू मंडळी सुखरूप आहेत.

फाटकाच्या पुढं पस्तीस किलोमीटरवर त्यांना गाठलं. गाडी उभी, इंजिन चालू. मास्तर दार उघडायच्या बेतात होते, म्हणाले, तिकडं कुणीतरी हात करतंय. मी नको म्हटलं, आल्या वाटेनं परत फिरवलं आणि फाटकापर्यंत पोहोचवून आले. बाई पोळ्यांसारखं काहीतरी बांधून देत होत्या, घेतलं नाही.

मी एकटीनं एवढी वाळूतली गाडी चालवली, माझाच विश्वास बसत नाही. येताना सीट चांगली पुढं ओढून घ्यावी लागली, पायच पुरेनात. आधी कुणीतरी उंच माणसानं चालवली असणार. हात भरून आलेत. जेवायलाही काही करवत नाही. गॅसवर कालचा भात होता, बराच होता, मी एवढा कशाला शिजवला कोण जाणे.

खोली आज मोठी वाटते. खिडकीकडचा पलंग रिकामाच पडलाय, उद्यापासून तिथं झोपावं, वारा छान येतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

रा मोआत्लोदी सकाळी दारात. हातात कागद.  कागद माझ्यापुढं धरला.

माझं अक्षर. दोन नावं.

मी विचारलं, सेथुन्या कोण?

ते खाली बसले. उंबऱ्यावरच. म्हणाले, मलाही माहीत नाही पोरी. तू रोजनिशी लिहितेस ना. वाच.

दुपारी

वाचली. पहिल्या पानापासून.

बस. पेन्शन. पलंग. नऊचा पाढा. सेस्व्यात मीठ जास्त. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं. वाचताना एकदा हसूसुद्धा आलं, एखाद्या परक्या पोरीच्या गमतीला येतं तसं.

खुंटीवर एक निळा अंगरखा आहे, गॅरेजात घालतात तसा, तेलाचे डाग पडलेला. मला घोट्यापर्यंत येतो. मी इतके दिवस तो कुणाचा समजत होते? काहीच समजत नव्हते. बघतच नव्हते.

मला रडू येत नाही. हेच मला सहन होत नाही. सख्खी बहीण गेली आणि मला रडू येत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आईला फोन केला. आडून आडून विचारलं. म्हणाली, तू एकुलती एक, म्हणून तर एवढी शेफारलीस. मग स्वतःहूनच म्हणाली, परवापासून छातीत काहीतरी रिकामं रिकामं वाटतंय गं. दुखत नाही. नुसतं रिकामं. दवाखान्यात जाऊ का?

मी म्हटलं, जा.

माझ्या फोनमधल्या फोटोत मी एकटीच. प्रत्येक फोटोत एका बाजूला सरकून उभी.

म्मा केबोनांगना सगळं दाखवलं. त्यांनी कागद वाचला, वही वाचली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सुट्टी घे म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मीही हेच—

२४ ऑगस्ट, रविवार

रा मोआत्लोदी आले. त्यांच्या मनात एक आहे. आजवर तिथं त्या लोकांना कुणी नावानं हाक मारलेली नाही. मारणार कसे? नाव कुणाला आठवतच नाही. आपल्याकडं नावं आहेत. कागदावर आहेत. गाडीतून खाली उतरायचं नाही, काचही चार बोटंच खाली करायची, आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचं.

मी विचारलं, आणि मग?

म्हणाले, मला माहीत नाही. बावीस वर्षं मी घाबरून घरात बसलो. आता तू आहेस बरोबर, तर घाबरूनच जाऊ.

गाडी ते चालवणार. मी नावं वाचणार आणि लिहीत राहणार. माझं लिहिणं थांबलं तर त्यांनी गाडी वळवायची. त्यांचा हात दाराकडं गेला तर मी ओरडायचं.

भीती वाटते.  पण घरात त्या पलंगासमोर बसून राहण्याची भीती जास्त वाटते.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ८.१०. निघालो. कागदावर दोन नावं: त्शेनोलो, मोआत्लोदी. टेबलावर ठेवला. त्याची नक्कल इथंही केली. गठ्ठा माझ्या मांडीवर.

९.३०. फाटक. शिपायानं विचारलं, किती जण? दोघं, असं मी मोठ्यानं सांगितलं. तो हसला, दिसतंय की म्हणाला.

१०.२०. पांढऱ्यात. जिथं बघावं तिथं पांढरं, वर आभाळही पांढरं. कवच चाकाखाली करकरत फुटतंय. मागं वळून पाहिलं तर आमच्या चाकांच्या दोन काळ्या रेघा. दुसरं काही नाही. रा मोआत्लोदी गाणं गुणगुणतायत, चर्चमधलं. 

१०.५०. यंत्र बंद करून डब्यात ठेवलं होतं. डब्यातून आवाज आला. सरळ चला.

११.०५. आपण पोहोचलात, म्हणालं. आम्ही कुठं जायचं ते त्यात भरलंच नव्हतं.

गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलंय.

११.०८. आहे. लांब आहे. एकच. हात हलवतंय. दोन्ही हात, डोक्यावर, अडकलेला माणूस हलवतो तसे. घाई नाही. थकल्यासारखे.

रा मोआत्लोदींचे हात स्टीअरिंगवर घट्ट. मी त्यांना सांगितलं, हात तिथंच राहू देत. ते म्हणाले, ठेवलेत. तू वाच.

११.१५. वाचायला लागले. पहिली पाच नावं. काही नाही. सहाव्या नावाला त्याच्या शेजारी आणखी एक उभं. मी डोळे मिटले नव्हते. ते कुठून आलं दिसलं नाही. सातव्याला तिसरं.

११.१९. नाव वाचलं की एक. आता ओळच झालीय. कुणी हात हलवत नाही आता. सगळे इकडं बघतायत—

फेम्के वाचलं. एक लहान, अनवाणी. बूट पिंपात टाकले तिचे—

जवळ आलेत का? चालताना कुणी दिसलं नाही. पण जवळ आहेत.

११.२३. दिनेओ वाचलं.

रा मोआत्लोदी पुढं वाकलेत. काचेतून बघतायत. म्हणतात, ओळखू येत नाही गं. बघ ना, माझी पोरगी, आणि मला ओळखू येत नाही. मी म्हटलं, नका बघू, मी वळवायला सांगते, वळवा. ते म्हणतात, एवढ्या उन्हात डोक्यावर काही नाही तिच्या. म्हणतात, तिला निदान टोपी तरी—

हात दाराकडं. मी ओरडते आहे, एका हातानं त्यांचा शर्ट धरलाय, दुसऱ्यानं लिह

१२.०२

मी गाडीत एकटी. इंजिन चालू आहे. इथं कशी आले?

डावीकडच्या सीटवर बसलेय. उजवीकडं कुणी नाही. दार सताड उघडं. मग गाडी चालवली कुणी?

मुठीत कापडाचा तुकडा आहे. एक बटण. शर्टाचं असावं.

वर वाचते.

१२.०६

वाचलं. मोआत्लोदी. रा मोआत्लोदी, सत्तरीचे, नकाशा काढणारे. मला त्यांचा चेहरा— नाही. नाही आठवत. नाव लिहून ठेवते. मोआत्लोदी. मोआत्लोदी.

उघडं दार ओढून घ्यायला हवं. त्यासाठी त्या सीटवर सरकायला हवं. सरकले. ओढलं. लॉक केलं. आता मी स्टीअरिंगसमोर आहे. फक्त गिअर टाकायचा आणि वळवायचं. क्लच दाबला जात नाही. लिहीत राहायचं. लिहिणं थांबवायचं नाही.

एक नाव वाचायचं राहिलंय. गठ्ठ्यातला शेवटचा कागद. माझ्या अक्षरातला.

नाही वाचणार. वळवते. घरी जाते.

घरी जाऊन काय करू? तो पलंग. तो अंगरखा. आईच्या छातीतलं ते रिकामं. आणि मला काहीच होणार नाही. मी जेवेन, झोपेन, रोज सकाळी हा कागद वाचेन—

१२.१४

वाचलं. हळू वाचलं, ओठांतच. तरी—

खिडकीशी उभी आहे. उंच. तिच्या पायाखाली मीठ फुटलेलं नाही. एक तडासुद्धा नाही. बाकीचे मागं उभे आहेत. सगळे माझ्याकडं बघतायत, एक म्हातारा, शर्टाची बाही फाटलेली.

मी तिला ओळखत नाही. शपथ. कधी पाहिलेली नाही.

ती काचेवर टकटक करते. वैतागल्यासारखी. म्हणते, "अगं ताई, किती वेळ त्या वहीत डोकं घालून बसणारेस? उतर की. उन्हानं जीव चाललाय माझा."

ही तीच का? का तिचं सोंग घेऊन आलेलं दुसरंच काही? मला कळायला मार्ग नाही. मला काही आठवत नाही. पण ती बोलली आणि मला ती आवडली. लगेच. इतकी आवडली की छातीत कळ आली. हे त्यांना ठाऊक असणार, ह्यानंच सगळे उतरले असणार, हे मला आत्ता कळतंय, ह्या क्षणी कळतंय, आणि तरी—

दाराचं लॉक वर आलंय. मी उघडलं नाही. माझा दुसरा हात तिथं आहे पण मी

वही सीटवर ठेवते. ज्याला सापडेल त्यानं नावं वाचू नका. वाचू नका. नुसती उतरवून घ्या, हातानं, आणि जपून ठेवा. आमच्या आईला फोन करा, सेरोवेला, सांगा की रिकामं वाटतं ते खरं आहे, तिला दोन मुली होत्या. थोरली मी, त्शेनोलो. धाकटी से